वरच्या वाडीला गाडी वळते

पहिल्यांदा एक सांगून टाकते, मी गाईड नाही. हातात छत्री धरून पाहुण्यांना देऊळ दाखवणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही, पण मी त्यांतली नव्हे. मी कोल्हापुरातल्या एका छोट्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे आणि माझं खरं काम पत्रकं लिहायचं. पत्रक म्हणजे तो गुलाबी नाहीतर पिवळा कागद, जो तुम्ही स्टँडवर माझ्या हातातून फार आदरानं घेता आणि दोन पावलांवर त्यात शेंगदाणे बांधून घेता. मला मागून सगळं दिसतं.

या कामानं माझी भाषा कायमची बिघडवली आहे. 'जाहीर निषेध' आणि 'आता तरी जागे व्हा' यांच्याशिवाय मला साधं बोलता येत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर मी आईसमोर तीन मागण्या ठेवते. आई म्हणते, "वाढून घे आणि गप जेव."

तर अशा बाईच्या गळ्यात दरवर्षी थंडीत परदेशी विद्यार्थ्यांचा एक गट पडतो. हे कसं झालं, तर आमचे अण्णा. अण्णा म्हणजे संघटना. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले, सत्तरी ओलांडलेले, आवाज असा की माईकवाल्याला पैसे द्यायची वेळ कधी आली नाही. त्यांची कुठल्याशा परिषदेत युरोपातल्या एका प्राध्यापिकेशी ओळख झाली, मार्टाबाईंशी. बाई म्हणाल्या, आमच्या मुलांना विकसनशील देश शिकायचा आहे. अण्णा म्हणाले, या की. बास, एवढ्यावर ठरलं. आणि सगळ्या ऑफिसात माझं इंग्रजी सगळ्यांत कमी वाईट, म्हणून दौरा माझ्याकडं.

बाहेरच्यांना वाटतं, ह्यात काय एवढं, पंधरा-एक गोरी पोरं फिरवायची. फिरवून बघा एकदा. निम्मं काम पाण्याच्या बाटल्यांचं आणि संडासांचं असतं. उरलेलं निम्मं भाषांतराचं, आणि ते जास्त घाण असतं. हुपरीला घेऊन गेलते एकदा. तिथं घराघरांत चांदीचे पैंजण बनतात. एक बाई ज्योतीवर कड्या जोडत बसलेली. आमच्यातल्या एका मुलीनं विचारलं, या कामात तुमची सगळ्यांत मोठी अडचण कोणती? बाई सुरू झाल्या. गुडघा, सासू, धाकट्या दिराचं रखडलेलं लग्न, डोळ्याची जळजळ, आणि मधेच, "ही पोरगी एवढी उंच वाढलीया, हिला नवरा मिळायचा कुठनं?" भरपूर वेळ बोलल्या. मी इंग्रजीत सांगितलं, 'धूर'. सगळी पोरं माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी बाईंचं बोलणं वाटेत खाल्लं.

मग त्याच मुलीनं विचारलं, "तुम्ही आनंदी आहात का?"

बाई म्हणाल्या, "आत्ता? आत्ता लाईट गेलीया. आत्ता कसला आनंद?"

हे मी शब्दाला शब्द सांगितलं. मला फार बरं वाटलं.

शिकायला फक्त तेच येतात असं समजू नका. आपली माणसं त्यांना धुऊन वाळत घालतात. लग्न झालंय का, आई-बापाला सोडून एवढ्या लांब आलीस कशी, वडलांची जमीन किती, तुमच्यात म्हशी हायत का. एका पोरानं एका घरी चहा नाकारला. त्याला वाटलं, गरीब घर आहे, यांचं दूध आपण का प्यावं. त्या घरी गोठाभर म्हशी, रोज दूध डेअरीला जातंय. म्हातारीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्याला पोटाचं काय हाय का गं? ताक देऊ?" तिनं दिलं. तांब्याभर. प्यायला लावलं. पोरगा मुकाट्यानं शिकला.

दिवसभर असं शिकून झालं की संध्याकाळी सगळे गोल बसतात. मार्टाबाई एकेकाला विचारतात, आज तुला काय उमगलं? ह्याला त्यांच्याकडं भारी नाव आहे. आम्ही ऑफिसात 'गोल' म्हणतो. गोलात दरवर्षी कुणीतरी एक वाक्य म्हणतंच, "यांच्याकडे किती कमी आहे, तरी हे लोक किती आनंदी आहेत." या वाक्याचा धिक्कार करणारं एक अख्खं पत्रक मी लिहून ठेवलं होतं. अण्णांनी छापू दिलं नाही. म्हणाले, "पावण्यांच्या विरोधात पत्रक काढत न्हाईत, पोरी. जेवायला घालतो आपण त्यांस्नी."

आता वरच्या वाडीचं सांगते. एवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

वाडीचं खरं नाव लिहीत नाही, आगाराचंही लिहीत नाही, कारण त्यातल्या साहेबांना अजून नोकरी करायची आहे. चंदगड तालुक्यातल्या डोंगरात कुठंतरी असं समजा. भात, काजू, आणि बाकी सगळं जंगल. खालच्या फाट्यावर हायस्कूल आहे, तिथं वाडीची पोरं-पोरी उजेडी चालत जातात, उजेडी परत येतात. पण अकरावीला तालुक्याच्या गावी जायचं, तर संध्याकाळची एस.टी. फाट्यावर सोडते तेव्हा अंधार पडलेला असतो. तिथनं वर तासाभराची चढण, आणि त्या वाटेवर गवे. गवा म्हणजे फोटोत छान दिसणारा प्राणी. वाटेत समोर उभा राहिला की छान दिसत नाही. म्हणून वाडीतली पोरगी दहावी पास झाली की तिचं शिक्षण फाट्यावर संपतं. पोरगे दोस्ताच्या मोटारसायकलवर जातात. पोरी घरी बसतात. दोन वर्षांत लग्न.

मारुती गावड्यांच्या थोरल्या लेकीचं असंच झालं. गणितात हायस्कुलात पहिली होती. आता बेळगावकडं नांदते. आम्ही तिथं पोचायच्या आधीच झालं ते सगळं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, पत्रकातलं वाईट नव्हे, खरं. धाकटी अश्विनी. ती दहावीला होती, आणि ती काय गप बसणारी नव्हती. मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "अक्का, मला नर्स व्हायचंय. बाबांस्नी सांगा."

मी सांगितलं. म्हणजे बापासमोर उभं राहून मुलींच्या शिक्षणावर पंधरा मिनिटं भाषण ठोकलं आणि वर पत्रक दिलं. मारुतीदादांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझी पत्रकं शेवटपर्यंत वाचणारा तो मला भेटलेला पहिला माणूस. घडी घालून म्हणाले, "अक्का, झकास लिवलंय. पर गवा वाचतोय व्हय हे?"

दुसरं पत्रक काढायला पिशवीत घातलेला हात मी तसाच बाहेर काढला. हे फार क्वचित होतं.

"मी काय शिकू नको म्हंतोय का तिला?" ते म्हणाले. "मुक्कामी गाडी आणा वाडीला. दारातनं बसली, दारात उतरली, तर धाडतो. माझा शब्द."

मुक्कामी गाडी हे शहरातल्या लोकांना सांगायला लागेल. संध्याकाळची शेवटची एस.टी. गावात येते, रात्री तिथंच उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि सकाळी तीच पहिली गाडी म्हणून सुटते. गाव त्यांना खोली देतं, भाकरी देतं. कोल्हापूर जिल्ह्यातली कित्येक पोरं या मुक्कामी गाड्यांनी शिकवलीत. कुठल्याही मंत्र्यानं शिकवली नसतील एवढी.

तर मागणी एकच, वरच्या वाडीला मुक्कामी गाडी. निवेदनं दिली. मोर्चा नेला. आगारातल्या वाहतूक निरीक्षक साहेबांचं एकच उत्तर, "रस्ता अरुंद, वर गाडी वळवायला जागा नाही."

"जागा आहे साहेब, वाडीचं खळं आहे मोठं. येऊन बघा."

"येऊन बघायला गाडी पाठवली पाहिजे."

"मग पाठवा की."

"पाठवायला वळायची जागा पाहिजे ना, ताई."

माणूस वाईट नव्हता. चहा पाजायचा. चहा पिऊन आम्ही तिथंच. आणि इकडं अश्विनीची दहावी संपत आलेली. जूनमध्ये गाडी नसेल तर तिचंही फाट्यावरच संपणार, हे तिला, मला आणि मारुतीदादांना तिघांनाही माहीत होतं.

युक्ती अण्णांची. जानेवारीत परदेशी गट यायचा होता. दरवर्षी आम्ही खासगी टेम्पो घेतो. अण्णा म्हणाले, "अवंदा एस.टी. घ्यायची. प्रासंगिक करारानं." म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला जशी अख्खी एस.टी. भाड्यानं मिळते, तशी. "आणि कुठं जायचं म्हणून सांगायचं?" त्यांनी मला विचारलं. "वरच्या वाडीला!" म्हणत मी उठून नाचले. खरंच नाचले, खुर्चीला पाय लागून पडलेही.

साहेब आधी नाही म्हणाले. मग त्यांना वरून कुणीतरी सांगितलं की परदेशी पाहुणे आहेत, जिल्ह्याची लाज राखा. झालं! दोन दिवसांत मंजुरी. वर साहेब स्वतः सोबत येणार, पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी. रस्ताही अचानक बरा झाला. माझं त्या दिवसापासूनचं म्हणणं मी इथं छापून घेतेय: आमच्या पोरी चालत होत्या तेव्हा तो रस्ता अरुंद होता, गोऱ्या पोरी येणार म्हटल्यावर तोच रस्ता रुंद झाला. एक फावडं न लावता.

मी वाडीला निरोप धाडला: गाडी खळ्यावर वळणार आहे, खळं मोकळं करून ठेवा. सरपंच वहिनींना फोन करून पुन्हा बजावलं. "काळजीच सोडा," वहिनी म्हणाल्या. "असं लख्ख करून ठेवतो की बघत ऱ्हावा."

निघालो. ड्रायव्हर मामा मिशीवाले, पान खाणारे, आणि गाडी अशी पुसलेली की आपलं तोंड दिसावं. खिडकीला परदेशी पोरं लटकलेली. चढणीवर फांद्या टपावर घासत होत्या. एका वळणावर मामांनी गाडी थांबवली, उतरून चाकं बघून आले, परत बसले आणि म्हणाले, "जातीया." साहेबांनी डोळे मिटून घेतले. मागं हाना नावाची एक पोरगी होती, गटातली सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी. तिनं विचारलं, "हे गृहस्थ प्रार्थना करताहेत का?" मी म्हटलं, होय.

आणि आम्ही वर पोचलो. हलगी कडाडली. आणि मी समोर बघितलं.

खळ्यावर मांडव!

खळं त्यांनी खरंच मोकळं केलं होतं. पिंजराची गंजी हलवली, दगड वेचले, शेणानं सारवलं. मग एवढी सुंदर, सपाट, मोकळी जागा बघून वाडीला राहवलं नाही. मधोमध मांडव घातला. केळीच्या खुंटांची कमान. खुर्च्या. रांगोळीत परदेशी भाषेत काहीतरी लिहिलेलं. पाहुणे येणार आणि मांडव नाही, हे आपल्या माणसांच्या डोक्यातच बसत नाही. आग लागली तरी बंब येईपर्यंत कमान उभी करतील आणि बंबवाल्याला नारळ देतील.

"वहिनी!" मी ओरडले. "हे काय?"

"का? लहान झाला व्हय मांडव?"

"अहो, गाडी कुठं वळणार?"

वहिनींनी गाडीकडं बघितलं, मांडवाकडं बघितलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "मोकळं झालं म्हणून तर हितं घातला की!"

साहेबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा असा शांत झालेला, जणू त्यांची प्रार्थना पावली. "बघा," ते मला हळूच म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? आता मामांना फाट्यापर्यंत उलटी न्यायला लागणार. मला तसं लिहायला लागेल."

काही बोलायच्या आत आम्हाला ओढून खुर्च्यांवर बसवलं होतं. सत्कार सुरू. फेटे बांधणारा म्हातारा एकेका पोराचं डोकं धरून गुंडाळायला लागला. टॉवेल, टोपी, नारळ. वाडीतला जो कुणी आयुष्यात कधी बोलला नव्हता तोही माईकवर आला. मी मार्टाबाईंच्या शेजारी बसून भाषांतर करत होते, "ते म्हणतात, स्वागत आहे. हे पण म्हणतात, स्वागत आहे." आणि आतून माझं रक्त उकळत होतं. तो एक दिवस! एवढ्या खटपटीनंतर एकदा गाडी वर आली, आणि आमच्याच माणसांनी कमान उभारून ती अडवली. कुणाचा निषेध करायचा, तेच कळेना. पलीकडं मारुतीदादा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. मांडव त्यांनीच बांधला होता, वाडीत मांडवाच्या गाठी तेच मारतात. ते गाडीकडं बघत होते. माझ्याकडं बघत नव्हते.

मग वहिनींनी पुकारलं, "आता आपली अश्विनी पावण्यांचं इंग्रजीतनं स्वागत करंल."

पोरगी माईकपाशी आली. पंधरा दिवस पाठ केलेलं भाषण, मीच लिहून दिलेलं, 'रिस्पेक्टेड गेस्ट्स' पासून सुरू होणारं. तिनं पाहुण्यांकडं बघितलं. मग गाडीकडं. मग बापाकडं. आणि माईकमधून म्हणाली,

"प्लीज स्टँड अप."

परदेशी पोरं शिस्तीची. सगळी उभी राहिली. त्यांना वाटलं, राष्ट्रगीत.

"टेक युवर चेअर," अश्विनी म्हणाली. "गो देअर." आणि तिनं खळ्याच्या कडेच्या आंब्याकडं बोट दाखवलं.

हानानं पहिल्यांदा खुर्ची उचलली. तिच्यामागं सगळी पोरं खुर्च्या डोक्यावर घेऊन आंब्याकडं चालायला लागली, फेट्यांचे शेमले उडवत. मार्टाबाईंचा फेटा अर्धाच झाला होता, त्या पुढं आणि कापडाचं दुसरं टोक धरून म्हातारा मागं, "अवं थांबा, बाईसाब, थांबा की!" हलगीवाल्याला काय वाजवायचं कळेना, म्हणून त्यानं लेझमीचा ठेका धरला. कमानीकडची केळी चार पोरांनी उपटली. वहिनींनी क्षणभर कपाळाला हात लावला आणि मग पदर खोचून माईकचा खांबच उचलला.

आता उरला मांडव. सगळे थांबले. गाठी मारुतीदादांच्या, आणि त्या सोडायच्या तर संध्याकाळ झाली असती. सगळी वाडी त्यांच्याकडं बघायला लागली. अश्विनी माईक हातात धरून तशीच उभी होती.

मारुतीदादा घरात गेले. मला वाटलं, संपलं. तर कोयता घेऊन बाहेर आले.

"गाठी सोडायला येळ न्हाय," म्हणाले. आणि सुतळी तोडायला लागले. सपासप. एकेक खांब सुटायचा आणि खालून पंधरा-वीस हात त्याला झेलायचे, त्यांत निम्मे गोरे. मांडवाचं कापड सगळ्यांच्या डोक्यावर आलं, आतून हसण्याचा आणि किंचाळण्याचा आवाज, कुणाचा हात कुणाला लागतोय कळेना. मीही आतच होते. मला आठवतं ते एवढंच की कुणीतरी माझ्या कानात मराठीत 'बाजूला सर, भवाने' म्हणालं, आणि मला भरून आलं.

खळं मोकळं झालं. मामा खाली उतरून पानाची पिंक टाकून आले, आणि स्टिअरिंगवर बसले. वाडीचं प्रत्येक माणूस गाडी वळवायला धावलं. "येऊ द्या, येऊ द्या!" "घ्या घ्या घ्या!" "डावी मारा, मामा!" "अवं उजवी!" "बास बास बास!" एक म्हातारी तर गाडीसमोर उभी राहून गुराला बोलावतात तसं "हं, ये, ये" करत होती. मामा कुणाचंच ऐकत नव्हते. पुढं, मागं, पुढं, मागं. एकदा मागचं चाक बांधाच्या कडेला गेलं, माती सुटली, आणि सगळी वाडी एकदम गप्प झाली. साहेब माझ्याशेजारी होते, त्यांनी माझा दंड धरला. साहेबांनी! गाडी पुढं आली. आणि तिचं तोंड फाट्याकडं झालं.

मग जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही, कारण मीही त्यात नाचत होते. हलगी, शिट्ट्या, गुलाल कुठनं आला देव जाणे. हाना आणि अश्विनी हातात हात घालून फुगडी. मामा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "वळत न्हाय म्हणणारा कोण त्यो? परत बघायची हाय?" आणि कुणी हो म्हणायच्या आत त्यांनी गाडी पुन्हा सगळी फिरवून दाखवली. निव्वळ हौसेनं.

साहेब अजून सावध होते. "एकदा वळली म्हणजे रोज वळेल असं नाही," ते म्हणाले.

"दोनदा," मी म्हटलं.

पण इथं सरपंच वहिनींनी माझी सगळी पत्रकं फिकी पाडली. आपल्याकडं माणसाचा सत्कार काम झाल्यावर करतात असं कुणाला वाटत असेल तर तो कोल्हापूरकडचा नव्हे. त्यांनी माईक परत मागवला, साहेबांच्या डोक्याला फेटा बांधायला लावला आणि जाहीर केलं, "आपल्या वाडीला मुक्कामी गाडी मंजूर केल्याबद्दल साहेबांचा सत्कार!" टाळ्यांचा कडकडाट. साहेब म्हणाले, "अहो, मी अजून..." तोवर हातात नारळ. डोक्यावर भगवा फेटा, गळ्यात हार, हातात नारळ आणि समोर सगळी वाडी. अशा अवस्थेत 'नाही' म्हणून दाखवा बघू. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी भाषांतर करायला म्हणून तोंड फिरवलं. ते बारीक आवाजात म्हणाले, "प्रस्ताव पाठवतो." वहिनींनी माईकवर सांगितलं, "साहेब म्हणत्यात, जूनपास्नं चालू!"

त्या संध्याकाळी फाट्यावरच्या हायस्कुलाच्या व्हरांड्यात गोल बसला. अण्णाही आलते. हाना म्हणाली, तिला आज एका विलक्षण प्रथेचं दर्शन झालं. इथले लोक पाहुण्यांसाठी निवारा उभारतात, आणि मग पाहुणे आणि यजमान मिळून तो पाडतात, म्हणजे आपल्यामध्ये आता आडपडदा उरला नाही. बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या. एक-दोघांच्या डोळ्यांत पाणी.

मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांना हसू आवरेना. उपरण्यात तोंड घालून म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, चांगली प्रथा हाय. आपण चालू करू."

पण मला राहवतंय कुठं? मी सगळं सांगून टाकलं. मुक्कामी गाडी, गवे, फाटा, थोरली बहीण, साहेबांचा चहा, खळं. पोरं आधी खूप हसली, स्वतःलाच. हाना हसली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे गाडी आधीही वळू शकत होती?"

"हो."

"मग ती आधी का आली नाही?"

माझ्याकडं या प्रश्नाला चार पानी उत्तर असतं. व्यवस्था, प्रशासन, उदासीनता. पण त्या पोरीचा फेटा सैल होऊन कानावर आलेला, नखांत मांडवाची माती, आणि ती खरंच विचारत होती.

"तुम्ही आला नव्हता," मी म्हटलं.

मार्टाबाईंनी पुढच्या पोराला विचारलं नाही, गोल तिथंच थांबवला. 'किती कमी आहे तरी किती आनंदी' हे वाक्य त्या वर्षी कुणी म्हटलं नाही. मला ते ऐकू आलं नाही याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला त्या पोरांची दया आली, कारण त्यांनी काही वाईट केलं नव्हतं, उलट खुर्च्या उचलल्या होत्या. आणि आमच्या अर्जांना जे जमलं नाही ते त्यांच्या नुसत्या येण्यानं झालं, हे त्यांनाही टोचलं आणि मलाही. विकसनशील म्हणजे काय, ते त्या व्हरांड्यात आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं असावं.

फेट्यातल्या साहेबांनी शब्द पाळला. म्हणजे आम्ही अधूनमधून जाऊन चहा पीत राहिलो, आणि पाळला. अश्विनी दहावी पास झाली. मारुतीदादांनी स्वतःची काजू वाळवायची खोली ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला मोकळी करून दिली. कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात वाडीला मुक्कामी गाडी लागली.

पहिल्या सकाळी मी कोल्हापुरात होते, एका पत्रकाचं प्रूफ तपासत. अश्विनीचा फोन आला. मला वाटलं, रडेल, आभार मानेल, मी काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं होतं. ती संतापलेली.

"अक्का, ह्याला काय अर्थ हाय का? अख्खी वाडी बसली गाडीत! काम न्हाय धंदा न्हाय, नुसतं फिराय. म्हाताऱ्या सगळ्या खिडकीला. सरपंच काकू पोरं घेऊन. मी हितपतोर उभ्यानं आले, उभ्यानं!"

"आणि बाबा?"

"बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, ऐसपैस. वर मलाच पिशवी धराय दिली."

मी हसून हसून प्रूफावर चहा सांडला. म्हटलं, "बरं, आता कुठं आहेत बाबा?"

मागं कॉलेजच्या पोरा-पोरींचा कालवा ऐकू येत होता.

"गेटवर उभे हायत," ती म्हणाली. "बाकीची सगळी बाजारात गेली. ह्यांस्नी म्हटलं, तुमी बी जावा. तर म्हंत्यात, परतीची गाडी सांजची हाय, मी हितंच हाय, तू शिक." मग आवाज एकदम बारीक करून, "अक्का, पोरी बघाय लागल्यात. ह्यांस्नी कायतरी सांगून घालवा की हो तेवढं."